तीन उकळ्या

३ फेब्रु. १९६३, रवि., बेर्शेबा
दादाच्या मोशावात, म्हणजे त्यांच्या सहकारी शेतकरी गावात, हगवण. त्याच्या गोठ्यातली तिन्ही वासरं आडवी. स्ट्रेप्टोमायसिन झालं, क्लोरोमायसेटिन झालं, जंतू ढिम्म. आमच्या लॅबचे डॉ. (रशियातून आलेले, हिब्रू माझ्याहून वाईट) म्हणतात, आता फाज. म्हणजे जंतूंनाच खाणारा जंतू. मुंबईच्या लॅबमध्ये कॉलऱ्यासाठी आम्ही हेच बनवायचो, म्हणून काम माझ्या गळ्यात. मी खूष. इथे कोणी तरी मला विचारलं एकदाचं.

५ फेब्रु., मंगळ.
बाटल्या तयार. काचेच्या बशीत जंतूंचा फडशा. बसने मोशावात गेलो, वहिनीला समजावलं: आधी खायचा सोडा पाण्यातून, मग औषध दुधातून, दोन वेळा. तिने वास घेतला. "भावजी, हे बनवलंत कशाचं?"
मला चेव आला. "गोठ्याच्या गटाराचं पाणी! गाळून आणलंय फक्त."
तिचं तोंड बघून दादा आणि मी पोट धरून हसलो.

८ फेब्रु., शुक्र.
एक वासरू गेलं. आज शब्बाथचं जेवण गोड लागणार नाही.

१० फेब्रु., रवि.
दुसरंही. डॉ. पुन्हा बशा तपासत बसले. बशीत मरणारे जंतू पोटात का मरत नाहीत? मलाही कळेना. उरली गोरी. वहिनीने बाटलीवर वाढवलेली. तिच्यासाठी एलियाहू हनबीला मलिद्याचा नवस बोललीय.

११ फेब्रु., सोम.
मोशावात गेलो. वहिनीचे डोळे सुजलेले. चहा टाकता टाकता म्हणाली, "मी काही कसूर नाही केली हो. गटाराचं पाणी म्हणालात, म्हणून दुधात घालून चांगल्या तीन उकळ्या काढायची. गार करून मगच पाजायची."
उकळल्यावर फाज उरतंय कुठे! ती बिचारी मेलेलं औषध पाजत होती. आमच्यात बिनतापवलेलं दूध कोणी तोंडाला लावत नाही, हे मला ठाऊक नाही? त्याच घरात वाढलो. डॉ.नी बजावलं होतं, तापवायचं नाही हे नीट सांग. आणि मी काय सांगितलं, तर गटार.
"माझ्या हातून चुकलं तर नाही ना काही?"
"छे, तुझं काय चुकणार," म्हटलं. चहा तसाच ठेवून उठलो.

१२ फेब्रु., मंगळ.
डॉ. म्हणाले, फाज बंद, उरलेल्या बाटल्या ओतून टाक. मोशावात आणखी दोन गोठ्यांत हगवण लागलीय. तोंड उघडलं, मिटलं. खरं सांगावं तर बोट वहिनीकडे जाणार. 'हिंदुस्थानी बाई, औषध उकळून बसली', वर्षभर हेच ऐकावं लागेल तिला.
तिच्यासाठी गप्प आहे म्हणे मी! खोटं. माझी खुर्ची सांभाळतोय. लाज वाटते.
एक बाटली ओतली नाही. बर्फात आहे.

१३ फेब्रु., बुध.
बाटली घेऊन गेलो. दादा शेतावर. गोरी मान टाकून पडलेली. वहिनीने नुकतं काढलेलं दूध पातेल्यात ओतलं, औषध घातलं आणि सवयीने प्रायमसकडे वळली. काडी पेटवली. आता बोलणं भाग होतं.
"वहिनी, नको. तापवू नकोस. तसंच दे."
काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा तिने टाकली. पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"म्हणजे त्या दोघांना मी..."
"तू नाही. मी सांगितलं नव्हतं. मला सांगायला बजावलं होतं, तरी नाही सांगितलं."
"परवा विचारलं तेव्हा?"
मी पातेलं उचलून तिच्या हाती दिलं.
गोरीचं डोकं मांडीवर घेऊन तिनेच पाजलं. अर्धं प्यायली, अर्धं सांडलं. मला पुढे येऊ दिलं नाही. निघालो तेव्हा जेवून जा म्हणाली नाही. या घरातून प्रथमच उपाशी परतलो.
संध्याकाळी डॉ.च्या दाराशी गेलो. आत दिवा होता. टकटक केली.