मैनीचं दूध

८ सप्टें.
वसतिगृहात सकाळचं दूध सुरू झालं. पाकिटातलं, गोड. सातवीतली मैनी पिते, पोट धरून बसते नि प्रार्थनेच्या वेळी संडासाकडे पळते. मुख्याध्यापक सर म्हणतात, "गणिताचा तास चुकवाले बहाणे करून राह्यली." गणित तर तिचं सगळ्यात आवडतं. यांच्याशी कोण डोकं फोडणार.

११ सप्टें.
पोर वाळत चाललीय. अधीक्षिका मी, जबाबदारी माझी. आजपासून उरलेलं एक पाकीट जास्तीचं, समोर बसवून पाजलं. माहेरी, आरमोरीला, आईनं आम्हाला असंच धष्टपुष्ट केलं.
माझंही पोट चहानंतर गुडगुडतं. वय, दुसरं काय.

१३ सप्टें.
वर्गातच मैनीचे कपडे खराब झाले. पोरी हसल्या. तेव्हापासून पांघरुणातून तोंड बाहेर काढत नाही.

१५ सप्टें.
मैनीचा बाप आला, आल्या आल्या तिची पेटी उचलली.
"मॅडम, दूध वासराचं असते. आमी गाय दोहत नाई. आमच्या पोरीले काऊन पाजता?"
ताकद येते, मी म्हटलं. त्यानं मैनीकडे बोट दाखवलं. "हे ताकद?"
तिच्या गावातून सातवीपर्यंत आलेली ही एकटी मुलगी. डॉक्टरांना दाखवू द्या, आठवडाभर थांबा, अशी गयावया केली. त्यानं पेटी खाली ठेवली खरी.

१६ सप्टें.
डॉक्टरबाई म्हणाल्या, दुधात एक साखर असते. ती फोडणारं पाचकद्रव्य, लॅक्टेज, तान्हेपणी आतड्यात भरपूर; मोठेपणी कित्येकांचं आटतं. मग ती साखर न फुटताच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिला आंबवतात. गॅस, कळा, जुलाब. "आजार नाई हा. दूध सोडा, अंडं द्या, वरणभात द्या."
माझ्या चहाचं विचारलं. हसल्या. "तुमचंही तेच असन, बाई."
पन्नाशीत कळतंय! आणि त्या पोरीला मीच डबल पाजलं. फार वाईट वाटतंय.

२२ सप्टें.
दूध बंद, मैनी ठणठणीत. पहिल्या बाकावर. बाप आल्यावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तिचं दूध बंद केलं.
"तिचं केलं. अन् बाकीच्या पोरीयचं?"
ते सरांच्या हातात, मी म्हटलं. तो पेटी घेऊन निघाला. "त्यायचंबी करा, मंग धाडतो." मैनी मागे बघत गेली.

२३ सप्टें.
सर : "वरून आलेलं दूध बंद कसं करू? एका तरी पोरीची तक्रार आहे काय?"
नाहीच. मैनीवर हसलेल्या पोरी तक्रार कशाला करतील.

२४ सप्टें.
दुधाच्या रांगेत विचारलं, कोणाकोणाचं पोट दुखतं? सगळ्या माना खाली. सर दारात. मग मीच हात वर केला. "मले दूध पचत नाई."
फिसकन हसल्या. मग मागून एक हात आला. खिडकीपाशी दोन. मग पुढच्या ओळीतली, त्या दिवशी मैनीला सगळ्यात मोठ्यानं हसलेली.
सर दारातूनच हात मोजत होते. दुधाची गाडी उद्या यायची आहे. मैनीची खाट कोणाला दिलेली नाही.