विजेच्या गाडीचा निगेटिव्ह

उस्ताद,

तुमच्याशी भांडायचं आहे म्हणून लिहायला बसलो आहे. भर दुपार आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही आणि मला एका जागी बसवत नाही. दोनदा चहा सांगून आलो, एकदा उगाचच एसटी स्टँडपर्यंत चक्कर मारली, मघाशी फळीवरचे सगळे हॉर्न काढून पुसले आणि परत जागच्या जागी ठेवले. शेवटी एक कागद ओढला आणि सुरुवात केली. तुम्ही शिकलात उर्दू शाळेत, मराठी वाचताना अडखळायचात, म्हणजे तुम्ही असतात तरी हे मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं. आणि दोन ओळी झाल्या की तुम्ही म्हणाला असता, "पुरे बे, कामाचं बोल." तर कामाचंच बोलतो.

केजच्या रस्त्यावर आता विजेवर चालणाऱ्या गाड्या दिसतात. त्यांच्यात सेल्फ नाही, डायनामो नाही, प्लग नाही, म्हणजे तुमच्या-माझ्या पोटापाण्याचं जे जे होतं ते काहीच नाही. बॉनेट उघडलं की जाड नारिंगी वायरी दिसतात आणि माझा हात आपोआप मागे येतो. त्यांना आपण शिवायचं नसतं, ते कंपनीच्या शिकलेल्या पोरांचं काम. मग असल्या गाडीवाले माझ्याकडे येतात कशाला? तर एका डबीसाठी. या गाड्यांना पुढे मोठा पडदा असतो. फोनमधला नकाशा, गाणी, आलेले फोन, सगळं त्या पडद्यावर दिसतं, पण पुष्कळ गाड्यांमध्ये त्यासाठी फोनला वायर लावून ठेवावी लागते. आपल्याकडच्या रस्त्यांवर ती वायर खड्ड्यागणिक हलते आणि नकाशा नेमका फाट्यावरच गायब होतो. म्हणून बाहेरून एक डबी विकत आणायची, काडेपेटीएवढी, ती गाडीच्या यूएसबीत खोचायची. मग फोन खिशात असला तरी पडद्यावर दिसतो. एकही वायर कापायची नाही, सोलायची नाही, टेप गुंडाळायची नाही. तुम्ही याला काम म्हटलं नसतं, मला माहीत आहे. नाक मुरडून विडी पेटवली असती.

या डबीवरूनच आपलं भांडण आहे. तुमचा नियम मला झोपेत विचारला तरी सांगता येईल. गाडी कोणतीही असो, काम केवढंही असो, आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि कान द्यायचा. मालक "बंद हाय" म्हणाला तरी त्याच्यावर विसंबायचं नाही, इंजिन बंद आहे हे आपल्या कानाने ऐकायचं. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, म्हणजे गाडीतला करंट तुटतो. तो सगळ्यात आधी निघतो आणि सगळ्यात शेवटी लागतो. मी शेळ्यामेंढ्यांच्या घरातून आलेला, वायरीला सुतळीसारखी गाठ मारणारा, मला तुम्ही महिनाभर दुसरं काही शिकवलंच नाही. पहिल्या ईदला सगळ्यांना ईदी मिळाली आणि मला दहा नंबरचा पाना. बॅटरीच्या नटाला तोच लागतो. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शीरखुर्मा खाताना मी तो पाना मांडीवर ठेवला होता, आणि चाची हसून म्हणाली होती, "उसकू बी खिलाता क्या?"

आणि तो जीपचा दिवस. अंबाजोगाईच्या वडाप जीपला टेप बसवायचा होता, ड्रायव्हर घाई करत होता, मी निगेटिव्ह न काढताच टेप बसवला. गाणं झकास वाजलं, ड्रायव्हर खूश, मीही खूश. तुम्ही जेवून आलात, बॉनेटमध्ये डोकावलात, नटावरची धूळ तशीच दिसली आणि तुम्ही टेप उपटून माझ्या हातात दिलात. मी म्हणालो, "उस्ताद, काय झालं तरी का?" तुमचं उत्तर मला शब्दाला शब्द आठवतं. "काय झालं न्हाई म्हणूनच सांगायलो. झालं असतं तर गाडीनंच सांगितलं असतं, मला कावून बोलावं लागलं असतं?" पूर्ण काम परत करायला लावलंत. ड्रायव्हर तुम्हाला शिव्या देत उन्हात उभा, सीटा भरलेल्या, आणि तुम्ही शांतपणे दात कोरत बसलात. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. नंतर तुम्ही उन्हाळ्यात अचानक गेलात, दुकान चाचीने मला सांभाळायला दिलं, आणि तेव्हापासून पाना नटाला लावला की माझ्या कानात तुमचा आवाज येतो, "पहले निगेटिव्ह." रोज येतो. मी एकटा असलो की "हो उस्ताद" असं बोलूनही जातो.

आता मागच्या आठवड्यातलं सांगतो. सकाळी दुकानासमोर पांढरी गाडी येऊन थांबली, आवाज न करता, मला कळलंसुद्धा नाही. आत तुमची मुलगी. ती अंबाजोगाईला कॉलेजात शिकवते, गाडी नुकतीच घेतली आहे. मागच्या सीटवर चाची, मांडीवर दवाखान्याची पिशवी. चाचीच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्या दिवशी ऑपरेशनसाठी अंबाजोगाईच्या दवाखान्यात सकाळीच पोचायचं होतं, उशीर झाला तर त्या दिवसाची यादी संपणार. एका डोळ्याने तर तिला आधीच दिसत नाही, तुम्हाला माहीतच आहे. उरलेल्या या डोळ्यावर ती घरात वावरते, भिंतीला हात लावत. तुमच्या मुलीने पर्समधून ती डबी काढली. "भय्या, हे तुमीच लावा. मला लावता येतंय, पण अब्बांच्या दुकानातला हात लागल्याबिगर आमच्या घरची गाडी घरची होत न्हाई." हा रिवाज तुमच्या घरात कधी पडला ते मला माहीत नाही, पण तिची पहिली सायकलसुद्धा घंटी बसवायला इथेच आली होती. मला इतकं बरं वाटलं की मी हात साबणाने धुऊन आलो.

डबी नुसती खोचायची होती. दोन मिनिटांचं काम, आणि ती बाई मला मान द्यायला म्हणून वाट वाकडी करून आलेली. पण तुमचा आवाज आला. मी बॉनेट उघडायला सांगितलं. ती म्हणाली, "बॉनेट कशाला?" मी म्हणालो, "आपली पद्धत हाय." वर हसलोही, मोठा जाणता असल्यासारखा. तळहात ठेवला, कान दिला. शांत. या गाड्यांना लहान बॅटरीही असते, आपल्या नेहमीच्या गाडीसारखीच, तिचा नट पाहून तर मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. "गाडी बंद हाय ना?" मी विचारलं. "बंदच असंल की, आवाज कुठंय?" ती म्हणाली, फोनवर दवाखान्याशी बोलत होती. आवाज नव्हता, उस्ताद. पण गाडी चालू होती. विजेची गाडी उभी असताना चालू असो की बंद, सारखीच गप्प असते, आणि मी तुम्ही शिकवलेल्या कानाने ऐकत होतो. मी निगेटिव्ह काढला.

आधी काहीच झालं नाही, पडदासुद्धा विझला नाही. मग एकेक करत लाल खुणा लागल्या, कुठेतरी खट्ट वाजलं आणि सगळं काळं पडलं. मी घाईघाईने निगेटिव्ह परत लावला. पडदा आला, खुणा तशाच, गाडी जागची हलेना. तुमची मुलगी स्टिअरिंगवर बसून बटण दाबते आहे, परत दाबते आहे, आणि मागून चाची विचारते आहे, "निकले क्या नै?" तिला वाटत होतं आपण रस्त्याला लागलो. कंपनीच्या माणसाला फोन लावला तर तो पलीकडून म्हणतो, "निगेटिव्ह परत काढा, किल्ली लांब नेऊन ठेवा, दारं लावा, आणि अर्धा-पाऊण तास गाडीला झोपू द्या." झोपू द्या! तेवढा वेळ कुठे होता? मी रस्त्यावर जाऊन वडाप थांबवली, पुढची सीट मोकळी करायला लावली, चाचीला हाताला धरून चढवलं. चढताना तिचा पाय पायरीवर सापडेना, तो मी उचलून ठेवला. तुमची मुलगी मला किल्ली देऊन तिच्यामागे चढली, जीप गेली आणि मी परत निगेटिव्ह काढून त्या गाडीशेजारी दुकानाच्या पायरीवर बसलो, आजारी शेळीजवळ बसावं तसा, आणि बसल्या बसल्या तुम्हाला मनातल्या मनात जे काही बोललो ते इथे लिहीत नाही.

पाऊण तासाने निगेटिव्ह लावला आणि गाडी उठली. झोपून उठल्यासारखी, काही झालंच नाही अशी. मी ती चालवत अंबाजोगाईला नेली, आयुष्यात पहिल्यांदा असली गाडी चालवली आणि सबंध रस्ता मला काही दिसलं नाही. दवाखान्यात दोघी बाकावर बसल्या होत्या. यादी संपली होती. पुढच्या आठवड्यात या म्हणाले होते. तुमच्या मुलीने माझ्याकडून किल्ली घेतली, खाली जाऊन गाडीत बसली, डबी स्वतःच खोचली, आणि पडद्यावर नकाशा आला, फोन पर्समध्येच. मी काचेबाहेर उभा राहून ते बघत होतो. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

बोलली ती चाची. मी परत वर जाऊन तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं, निगेटिव्ह, कान, तुमचा नियम. मला वाटलं ती म्हणेल, उस्तादांचं ऐकलंस, चूक तुझी नाही. तिने माझ्या दिशेला मान वळवली, थोडी चुकीच्या बाजूला. "क्यों रे, उस आदमी कू जाके इत्ते बरस हो गए, अब्बी बी तू उसकूच पूछके काम करता क्या?" "मैं बी सालन में नमक उसकू पूछके नै डालती." तुम्हाला डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून ती तुमच्यासोबत अळणी जेवायची, हे मी पाहिलं होतं. तुमच्यामागे ती चवीने मीठ घालून जेवते हे मला त्या बाकापाशी कळलं. बोलताना ती हसत नव्हती. ऑपरेशन चुकल्याचा तिला राग आला होता, आणि तो खरा होता. आणखी एक आठवडा तिला भिंतीला धरून चालायचं होतं, माझ्यामुळे, की तुमच्यामुळे, याचा निवाडा मला अजून करता येत नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. रोज संध्याकाळी तिच्याकडे जात होतो, काही काम आहे का विचारायला, आणि ती आतूनच "न्हाई" म्हणायची. परवा ऑपरेशन झालं, डोळा चांगला आहे, काल पट्टी काढली. मी गेलो तर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "लई वाळलास रे." एवढंच.

आणि आज सकाळी दिंद्रुडहून एक बियाण्याचे व्यापारी आले. विजेची गाडी, तीच डबी. मी आत बसलो, गाडी चालू आहे की बंद ते पडद्यावर वाचलं, बंद केली, डबी खोचली, परत चालू केली, त्यांचा फोन जोडून दिला. ते म्हणाले, "येवढंच का?" मी म्हणालो, "येवढंच." ते हसत गेले. तेव्हापासून माझं हे असं चाललं आहे, चहा, स्टँड, हॉर्न. आधी मला वाटलं, तुमचा नियम मोडला म्हणून जीव कासावीस होतो आहे. म्हणूनच भांडायला बसलो होतो. म्हणायचं होतं की तुमचा कान या गाड्यांना चालत नाही, तुम्ही आधीच सांगून ठेवायला हवं होतं, असलं काहीबाही, ज्याला काही अर्थ नाही. तुम्ही कुठून सांगणार होतात?

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. चाचीला वाचून दाखवायची माझी छाती नाही, आणि तुमच्या कबरीपाशी जाऊन वाचावं तर तिथे येणारे-जाणारे मला वेडा म्हणतील. पण एक गोष्ट लिहून टाकतो, कारण ती लिहिल्याशिवाय मी इथून उठणार नाही. मी नियम मोडला नाही, उस्ताद. मोडायला तो आधी आठवावा लागतो. आज सकाळी त्या गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत तुम्ही मला एकदाही आठवला नाहीत, कानात काही आलं नाही, आणि काम करताना मला फार बरं वाटत होतं.