सातव्या गाण्यातली चक्की

प्रिय मामा,

पत्र लिहायचं कारण आधी सांगते. सगळ्यांनी तुमचं लय कौतुक लावलंय, आणि मला त्या कौतुकाचा शक येतोय.

आपला दुसरा अल्बम, 'भरड', निघून दोन महिने झाले. तुमी जाऊन तीन. आता पुण्याचा तो समीक्षक म्हणतोय, यंदाच्या चांगल्या अल्बमांच्या यादीत आपल्या 'लाईट आली' या बँडचं नाव घालायचंय, सातव्या गाण्याबद्दल सोमवारपर्यंत थोडं लिहून पाठवा. त्याला काही लिहिण्याआधी मला तुमच्याशी भांडायचंय.

तो आठवतो ना? आपला पहिला अल्बम 'बारीक' निघाला तेव्हा यानंच लिहिलं होतं की लग्नातल्या वाजंत्रीला लॅपटॉप जोडलाय. गाणी घरच्या घरी केल्याचं लपत नाही, मागून कसल्या तरी यंत्राची घरघर येत राहते. मी पाथरीला माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून ते वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलचा स्क्रू माझ्या हातून जो पडला तो सापडलाच नाही. तुमी मात्र मला त्याची झेरॉक्स आणायला लावलीत आणि सोनपेठला तुमच्या पिठाच्या चक्कीत, वजनकाट्याच्या वर चिकटवलीत. दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवायचात, आपली चक्की पुण्याला ऐकू गेली म्हणून. बायका हसायच्या, तुमीपण हसायचात. मला वाटायचं, मामाला लागलंय आणि मामा हसण्यावारी नेतोय.

म्हणून दुसऱ्या वेळी मी अडूनच बसले. चक्कीचा आवाज जरासुद्धा नको! शनिवारी चक्की बंद, तर रेकॉर्डिंग शनिवारीच. सकाळची सोनपेठची एसटी धरून मी यायचे, दाराखिडक्यांना मामीच्या गोधड्या टांगायचे, पंखा बंद करायचे. तुमी घामाघूम होऊन कीबोर्डवर बसायचात. एकट्या सातव्या गाण्याला आपण चार महिने घासलं. तुमी म्हणायचात, "सुमे, तुला पायजे तसं कर." आता मला त्या बोलण्याचाही शक येतो. ते मनापासून होतं का हो?

तर 'भरड'वर पाच जणांनी लिहिलं. पाचापैकी चौघांची सुरुवात 'दिवंगत' या शब्दानं. दोघांनी तर एकच वाक्य लिहिलंय, एकमेकांच्या पाटीत बघून लिहिल्यासारखं. तुमीच सांगायचात ना, काट्याकडं न बघता 'असंल बरोबर' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची लय भीती वाटते, तेच दुसऱ्या दिवशी भांडायला येतं? मला ते पाचही जण तसलेच वाटले. माणूस गेलाय, चार शब्द बरे लिहून टाकू, असं झालं असणार.

मी सरळ पुण्याच्याला फोन लावला. विचारलं, माझा मामा आज चक्कीवर बसलेला असता तर तुमी हेच लिहिलं असतं का? तो म्हणाला, "खरं सांगू का? बाकीची सहा गाणी मला अजूनही ठीकठाकच वाटतात. मी लिहिलं ते सातव्यासाठी. त्यातल्या त्या चक्कीसाठी."

मामा, सातव्यात चक्की कुठून आली? मीच तर ती काढली होती!

तुमच्यापाशी काय लपवायचं, अल्बम नेटवर चढवला पण मी तो ऐकला नव्हता. तेराव्यानंतर लॅपटॉप उघडला, आणि गाण्याआधी तुमी एक दोन तीन चार मोजता ते ऐकायची हिंमतच झाली नाही. आपला नियम तर होताच. दळून झालेल्या डब्यावर तुमी खडूनं 'झालं' लिहायचात, तसंच पक्क्या झालेल्या गाण्याच्या फाईललाही 'झालं' लावायचात. मी 'झालं' लिहिलेल्या सात फाईली न ऐकता चढवल्या आणि लॅपटॉप बंद केला.

फोन ठेवला आणि सातवं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत चक्की! तिच्या ठेक्यावर तुमी कीबोर्ड वाजवताय, माझा आवाज वर कुठंतरी तरंगतोय. शेवटी पट्टा सुटतो, चक्की हळूहळू थांबते आणि तुमी हाक देता, "झालंय गं, घेऊन जा." कुठल्या तरी बाईला दिलेली हाक. मला वाटलं, घाईत जुनी, शनिवारचा नियम करायच्या आधीची कच्ची फाईल गेली. मामाची चार महिन्यांची मेहनत मी एका बोटानं घालवली. लय रडले मी त्या दिवशी. चांगली फाईल शोधून आजच्या आज बदलायची म्हणून लॅपटॉप घेऊन बसले.

चांगली फाईल सापडली. पण तिच्या नावातलं 'झालं' कुणीतरी पुसलेलं होतं. आणि चक्कीवाली फाईल जुनी नव्हतीच. तुमी गेलात त्याच्या तीन दिवस आधीच्या शनिवारची होती. मी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते, लॅपटॉप तुमच्याकडंच होता, तो शनिवार. माझा आवाज तेवढा तुमी आधीच्या फाईलीतून उचलून घातला होता.

मग शक तुमच्यावर गेला. राग तर असा आला! माझ्या तोंडावर 'तुला पायजे तसं कर' आणि माझ्यामागं हे? बँड दोघांचा होता ना? मला एक फोन करता येत नव्हता? आणि शनिवारी चक्की चालूच कशी होती? रिकामी चालवली तर दगड घासतात म्हणून तुमी मला लहानपणी बटणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

काल सोनपेठला येऊन मामीला विचारलं. मामी ज्वारी निवडत होती. म्हणाली, तीस वर्षांत शनिवारी एकदाच चक्की चालली. ह्यांनी घरातलीच ज्वारी घेतली, दारं उघडी टाकली, तुझ्या मशिनीची वायर चक्कीपाशी नेली. मी विचारलं, तेव्हा मामा काही बोलला का? तर ती सांगायला लागली. "मी म्हणलं, आज शनिवार, कुणाचं दळायलात? गिऱ्हाईक तरी हाय का? तर म्हणले, हाय. म्हणले, पोरीला आपल्या चक्कीची लाज वाटायलीय, तिला एकदा नीट ऐकवतो."

मी खाली बघून मामीसोबत ज्वारी निवडत बसले. मामा, तुमाला त्या लिहिण्याचं कधी लागलंच नव्हतं. लागलं होतं ते माझं. दर शनिवारी मी ज्या गोधड्या टांगत होते, त्याचं.

मामी उठली आणि फळीवरून एक डबा काढून आणला. तीन महिने तो तिथंच होता. कुणाचा आहे ते तिला माहीत होतं, पण मी आपणहून विचारीपर्यंत तिला देववत नव्हता. झाकणावर तुमच्या खडूच्या अक्षरात लिहिलेलं, 'सुमी. झालं.'

म्हणजे त्या दिवशी चक्कीत बाई कुणीच नव्हती. ती हाक मला होती.

आता त्या पुण्याच्याला मी खरं ते कळवते. सातवं गाणं मामानं माझ्यामागं बदललं आणि बरं केलं, एवढंच. फाईल आहे ती राहील. आणि तुमाला शब्द देते, तिसरा अल्बम आठवड्यातल्या कुठल्याही वारी करीन, गिऱ्हाईक असताना, दारं उघडी टाकून. मामी म्हणते पीठ कडू झालं असंल, टाकून दे. नाही टाकत. आज रात्री त्याचीच भाकरी करून खाणार आहे.

डबा घेऊन आलेय, मामा.

तुमची शक्की भाची,
सुमी