उजव्या बाजूची फळी

ता. ९, मंगळवार

दादास नमस्कार,

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे. आता माझ्याशी बोलतेही.

नवं गलबत बांधतोयस आणि सुतारकाम मीच करावं म्हणतोस. ‘झालं गेलं विसरून जा’ असंही लिहिलंयस. विसरायचं कोणी, तेवढं लिहायचं राहिलं.

आपलं जुनं गलबत एकोणीस वर्षं राबलं. दोन डोलकाठ्या, पोटात मीठ नाहीतर विटा, आज हे बंदर तर उद्या ते. दरवर्षी ते किनाऱ्यावर ओढून मी फळ्यांमधली एकेक फट कापूस आणि राळ ठोकून बुजवली. ते बुडाल्यावर चौकशीत तू सांगितलंस, “भर समुद्रात फटी उघडल्या, पाणी भरत भरत खाडीच्या तोंडाशी बुडालं. भावाने काम कच्चं केलं.” तेव्हापासून मला कोणी साधी होडी दुरुस्तीला दिली नाही. तीन वर्षं खुर्च्यांचे पाय बसवतोय.

गेल्या महिन्यातल्या वादळाने खाडीच्या तोंडावरची वाळू हलली. ओहोटीला गलबत उघडं पडलं. मी चिखल तुडवत गेलो. सगळ्या फटी जशाच्या तशा आहेत, दादा. उजव्या बाजूला, पुढच्या टोकाखाली भगदाड आहे आणि लाकडात काळ्या खडकाचा तुकडा रुतलाय. म्हणजे तू खडकांमधल्या आतल्या वाटेने आणलंस. दुसऱ्या गलबताच्या आधी धक्क्याला लागायचं होतं ना?

त्या वाटेला जाऊ नको म्हणून जन्मभर बजावणारा माणूस तेव्हा खाली चुलीपाशी तुमच्यासाठी भात शिजवत होता. तू पत्रात त्याचं नाव काढलं नाहीस. मीही इतका वेळ टाळलंच. बाबांना वर यायला कोणी हाक तरी मारली का?

बाबांना मी बुडवलं, असं समजून आई तीन वर्षं एका घरात राहून माझ्याशी बोलली नाही.

भगदाडाकडची ती फळी कापून मी बंदर कचेरीच्या पायरीवर नेऊन ठेवली. आईलाही नेलं. तिने फळीवरून हात फिरवला, रुतलेल्या खडकाच्या तुकड्यापाशी थांबली. म्हणाली, “त्याला ये म्हणावं. मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय.”

मला आनंद झाला. लपवत नाही. इथल्या सगळ्या सुतारांनी फळी पाहिलीय. तुझ्या नव्या गलबताला कोणी हात लावणार नाही.

चौकशी पुन्हा उघडलीय. पंधरा तारखेला, सकाळी दहाला. आई पुढच्या बाकावर बसेल. तिच्या शेजारी मी असेन. तू समोर उभा राहा.

बाबांचा मुलगा