रोपवाटिकेची किल्ली

प्रिय झारीबाई,

हातातली झारी खाली ठेवायला जिच्या जिवावर यायचं, तिला दुसऱ्या कोणत्या नावानं हाक मारू? आपण केस जिंकलो गं! गेल्या आठवड्यात निकाल लागला आणि परवा मी रोपवाटिकेत रुजूही झाले.

आठवतं ना, दरवर्षी थोडे दिवस आपल्याला कामावरून कमी करायचे आणि पुन्हा घ्यायचे. नोकरी सलग दिसायला नको, म्हणजे कायम करायला नको. आपण अशा शहाण्या, की त्या बिनपगारी दिवसांतही पाणी घालायला जायचो. रोपं वाळू कशी द्यायची? मग कायम करा म्हटलं, तर सरळ घरीच बसवलं. कोर्टात सरकारी वकिलांनी नेमकं तेच धरलं. म्हणे, या बायका त्या दिवसांत हौसेनं यायच्या, बोलावलं कुणी होतं? माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी आपल्या साहेबांना शांतपणे विचारलं, "त्या दिवसांत फाटकाची किल्ली कुणाकडे असायची?"

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं, मग छताकडे. "यांच्याकडेच," ते म्हणाले. "परत घ्यायचं राहूनच जायचं."

काढून टाकलेल्या माणसाकडे कुणी किल्ली ठेवतं का, असं बाईंनी विचारलं आणि सरकारनं तरी आपल्या माणसांशी असं वागू नये म्हणून चांगलं सुनावलं. मी रुमालात तोंड खुपसून रडले. दारातल्या पोलिसाला वाटलं, मी हरले. बिचारा पाणी घेऊन आला.

आता कंबर कुरकुरते, पण मी खुशीत आहे. साहेब गोड बोलतात, त्याचीच जरा भीती वाटते. तुझे वाफे मात्र कुणीतरी पार वाकडे करून ठेवलेत. बघवत नाही.

आता मुद्द्याचं. साहेबांनी दम दिला, घरात नवरा आजारी, म्हणून तू केसमधून नाव काढून घेतलंस आणि तेव्हापासून तोंड लपवून लेकीकडे जाऊन बसलीस. मी कधीच रागावले नव्हते गं, फक्त तुझ्यावाचून करमत नव्हतं. निकालात तुझंही नाव आहे. दम देऊन घ्यायला लावलेली माघार कोर्ट मानत नाही, असं बाईंनी स्पष्ट लिहिलंय. महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचंय. रविवारी मी येतेय, बॅग भरून ठेव. विचारत नाहीये, कळवतेय.

तुझीच, तशीच तिखट,
खुरपी