छोट्या गाड्यांचे रंग कोणी उतरवू नयेत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, मोटारी रंगवणाऱ्या कारागिराची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही.

१. राहते घर आणि बँकेत जे काही निघेल ते मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. शिवणयंत्र मुलीला.

२. पुस्तके कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यावीत. मी चौथीपुढे शाळेत गेले नाही; पुढचे सगळे या पुस्तकांनी शिकवले. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत. जिथे अडले तिथे फुली आहे, नंतर उमगले तिथे फुलीभोवती गोल. काही फुल्यांना अजून गोल नाही.

३. धाकट्या दिरांनी आमची शिडी नेली ती परत आणली नाही. ती त्यांना बक्षीस दिली असे समजावे. यजमानांच्या कपाटाकडे पाहून ते दरवेळी हसत, म्हणत की दादा अजून खेळण्यांत रमतो. त्याबद्दल त्यांना शिडीखेरीज काही नाही.

४. आता ते कपाट. त्यात जुन्या मोटारींच्या धातूच्या छोट्या प्रतिकृती आहेत, तळहातावर मावतील एवढ्या. अशा गाड्या जमवणारे लोक त्या खोक्यातून बाहेरसुद्धा काढत नाहीत. यजमानांची तऱ्हा उलटी. गॅरेजात एखादी जुनी मोटार रंगायला आली की ते तशीच छोटी गाडी शोधून आणत, तिचा कारखान्यातला रंग उतरवत आणि मोठीचे काम झाल्यावर स्प्रे गनमध्ये उरलेला रंग तिला देत. मोठी गाडी मालक घेऊन जाई, छोटी आमच्याकडे राही. मूळ रंग गेल्यामुळे या गाड्या बाजारात मातीमोल आहेत, असे एक जाणकार सांगून गेले. खरेच असेल. मी त्यांना चहा दिला.

यातली गोल दिव्यांची, जी निळी होती, ती यजमानांनी एकट्याने रंगवलेल्या पहिल्या मोटारीची जोडी. मालकाकडे पोचवण्याआधी त्यांनी मला शेजारी बसवून ती मोठी मोटार पुलापर्यंत नेऊन आणली. मी दाराला हात लावला तर म्हणाले, "अगं, बोटं उमटतील." परत येईपर्यंत मी हात मांडीवर घेऊन बसले होते.

५. यजमान गेल्यानंतरच्या माझ्या वाढदिवसाला मुलाने मला न सांगता ती छोटी निळी गाडी नेली. निळ्याचे पापुद्रे सुटत होते, म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडून तो सगळा काढून मूळचा मलईसारखा रंग देऊन आणली. "आई, बघ, अगदी कारखान्यातून आल्यासारखी." फार आनंदात होता. मी छान म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्याला वाटले, वडिलांच्या वस्तूला हात लावला म्हणून आई रागावली. पुलाची गोष्ट त्याला ठाऊक नाही. तेव्हापासून येतो तो उंबऱ्यावरूनच बोलून जातो. मुलगी म्हणते, दादाला गाड्या देऊ नकोस, सगळ्या खरवडून ठेवेल.

६. तरीही सर्व गाड्या, कपाटासह, मुलालाच द्याव्यात, आणि यजमानांची स्प्रे गनही. अट एकच, कोणत्याही गाडीचा रंग उतरवू नये. मलईच्या रंगाची तेवढी त्याने आपल्या हाताने पुन्हा निळी करावी. निळा तंतोतंत जुळणार नाही. चालेल. मुलीने यावरून भावाशी भांडू नये. तिला माझी जीभ मिळाली आहे, तेवढा जादा वाटा पुरे.

सही: स्वतःची
साक्षीदार: १. मोटारींच्या गाद्या शिवणारे, यजमानांचे सोबती. २. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई.
ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक: २ मार्च, रविवार.

पुरवणी

सही करताना गादीवाले म्हणाले, "वहिनी, पाचवं कलम लिहून ठेवायचं नसतं, तोंडावर सांगायचं असतं." ग्रंथपालबाईंनीही त्यांचीच री ओढली. म्हणून आज मुलाला बोलावले. सांगायला गेले आणि चहाच टाकून आले, तेव्हा चौथे आणि पाचवे कलम त्याच्या हातात दिले. वाचून झाल्यावर तो उठला. मला वाटले, आता निघून जातो. तर कपाटातून मलईच्या रंगाची गाडी काढून म्हणाला, "आई, निळ्याआधी प्रायमरचा एक हात पुरे का गं, की दोन?"

सबब सहावे कलम रद्द. गाड्या, कपाट आणि स्प्रे गन मुलाला हयातीतच दिली. अट घालण्याची गरज उरली नाही. बाकी मृत्युपत्र कायम.

सही व साक्षीदार: वरीलप्रमाणे. दिनांक: ९ मार्च, रविवार.