दारात थिजलेले पाय

समीक्षा,
पार्किन्सनच्या पेशंटना ओपीडीत काय अडचण येते ते कळवा, असं जूनमध्ये हॉस्पिटलचं पत्र आलं होतं. डॉक्टरांना शिकवणारा मी कोण, म्हणून उत्तर दिलंच नाही.

मंगळवारी ओपीडीत माझ्यासारख्याच पेशंट असलेल्या भिकाजीचं नाव पुकारलं आणि या आजारात होतं तसे त्याचे पाय दारातच थिजले. "आजोबा, नंबर गेला. पुढच्या महिन्यात या," सिस्टर म्हणाली. मी शेजारीच होतो, पण बोललो नाही. तो गोळ्यांशिवाय नाहूरला परतला. एकटाच असतो. कालपासून फोन उचलत नाही.

मी तिकडे निघालोय. माझी गोळी घेतली आहे. निलेशला ऑफिसातून थेट तिथेच पाठव. दार आतून बंद असलं तर मला एकट्याला जमायचं नाही.

'खुर्चीपाशी येऊन हात धरून न्या,' एवढंच त्या जूनच्या पत्राला उत्तर लिहिलं. आत्ताच टपालपेटीत टाकून आलो.

अप्पा